जुना सबवूफर बदलावा की ठेवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये २००८ सालापासून एक १० इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, आहे. या काळात टीव्ही तीनदा बदलला, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा) दोनदा बदलला, सोफ्याचं कापड एकदा बदललं. सब मात्र तोच. त्यामुळे ओळखीतल्या कुणाच्याही घरचा ‘बेस’ बिघडला की फोन मला येतो. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

माझा सबवूफर बारा-पंधरा वर्षांचा झालाय. नुसता जुना झाला म्हणून बदलावा का?

नाही. सबवूफर म्हणजे मोबाइल नव्हे. एक लाकडी खोकं, एक मोठा स्पीकर आणि मागे बसवलेला ॲम्प्लिफायर, एवढाच हा संसार. यातलं खोकं आणि लोहचुंबक म्हातारे होत नाहीत. म्हातारी होते ती कोनभोवतीची (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची) कड आणि ॲम्पमधले वीज साठवणारे कपॅसिटर. दोन्ही बदलता येतात. शिवाय सबकडे येणारा सिग्नल आजही त्याच एका साध्या आरसीए केबलमधून येतो. डॉल्बी ॲटमॉस आलं, ४के आलं, पण ती केबल होती तशीच राहिली. त्यामुळे ‘नव्या फॉरमॅटला जुना सब चालणार नाही’ असं दुकानदार सांगत असेल तर चहा पिऊन निघून या.

बदलायचं खरं कारण एकच: तुमच्या खोलीत, तुमच्या नेहमीच्या आवाजाला, तो सब जे काम करायला हवं ते धडधाकट असूनही करू शकत नाही. यातला ‘धडधाकट असूनही’ हा भाग लोक गाळतात आणि थेट नव्या मॉडेलची पुनरावलोकनं बघायला लागतात.

तो धडधाकट आहे की नाही, हे घरच्या घरी कसं कळणार?

आधी जाळी काढा आणि टॉर्च घेऊन बघा. कोन आणि धातूची चौकट यांच्यामध्ये एक लवचीक कड असते. ती रबराची असेल तर बहुधा ठणठणीत निघेल. फोमची असेल तर बोट हलकेच टेकवा. बोटाला काळा चिकट भुगा लागला किंवा कड फाटलेली दिसली, तर निदान तिथेच झालं. आपल्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत कुजतो, मुंबईत आणि कोकणात त्याहूनही आधी. फाटक्या कडेचा सब वाजत राहतो, पण फडफडतो. आणि कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) मध्यावर न राहिल्यामुळे ती घासून जळण्याची भीती असते. हे दिसलं की वाजवणं बंद करा.

मग सब बंद ठेवून, दोन्ही हातांची बोटं कोनवर समान अंतरावर टेकवून तो हळूच आत दाबा आणि सोडा. हालचाल मऊ आणि निःशब्द हवी. कचकच किंवा घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय. मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या तारा ॲम्पपासून सोडवून रोध मोजा: ४ ओमच्या स्पीकरला साधारण ३ ते ३.५, ८ ओमच्या स्पीकरला ६ च्या आसपास आकडा दिसतो. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली.

आता खोकं. आपल्याकडे सबचा खरा शत्रू आवाज नसून फरशी पुसायचं फडकं आहे. बहुतेक खोकी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) असतात आणि एमडीएफ खालून पाणी पिऊन बिस्किटासारखं फुगतं. खालचे कोपरे तपासा. वाळवीची माती दिसते का बघा. पोर्टेड सब, म्हणजे खोक्याला हवेसाठी मुद्दाम भोक (पोर्ट) ठेवलेला, असेल तर त्या भोकातही टॉर्च मारा. आमच्याकडे एका पावसाळ्यात सब अधूनमधून खडखडायला लागला होता; आत एका पालीचा सांगाडा आणि मुलाचा हरवलेला लेगोचा तुकडा निघाला. दुरुस्तीचा खर्च शून्य.

सगळ्यात शेवटी कान. मोबाइल रिसीव्हरला जोडून टोन जनरेटर ॲपमधून १०० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका कमी तितका सूर खोल) हळूहळू खाली या, आवाज मध्यम ठेवा. एखाद्या ठरावीक जागी झणझण आली तर आधी खोलीतल्या वस्तू धरून बघा. दहापैकी सात वेळा ती शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी किंवा देवघरातली घंटा असते. ३० हर्ट्झच्या खाली, विशेषतः पोर्टेड सबवर, मोठ्या आवाजात हा खेळ करू नका. पोर्ट ज्या वारंवारितेला जुळवलेला असतो तिच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही आणि तो बेफाम हलतो.

सतत ‘घूं’ असा आवाज येतो. सब गेला का?

आधी मागची आरसीए केबल उपटा, प्लग तसाच राहू द्या. घूं चालूच राहिली तर दोष सबच्या आत आहे, बहुधा वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरमध्ये. घूं थांबली तर सब निर्दोष आहे. दोष केबलमध्ये किंवा अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. त्या दुसऱ्या प्रकारात सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून बघा. केबलवाल्याची तार बाहेरून स्वतःचं अर्थिंग घेऊन येते, तुमच्या घराचं अर्थिंग वेगळं, आणि या दोघांच्या भांडणात ५० हर्ट्झची घूं सबमधून ऐकू येते. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतल्याने बऱ्याचदा भागतं, नाहीतर आयसोलेटर (अर्थिंगची ती जोड तोडणारी छोटी डबी) लावावा लागतो.

काही इलेक्ट्रिशियन प्लगची मोठी पिन काढून टाकायचा सल्ला देतात. घूं थांबतेही. पण ती पिन जीव वाचवायला असते, तेव्हा हा सल्ला ऐकू नका.

दुरुस्ती परवडते का? कोण करतं?

माझ्या सबचे कपॅसिटर २०१९ साली फुगले. डोक्यावरून सपाट असायला हवेत ते टेकाडासारखे वर आले होते. पहिल्या दुकानदाराने ‘अहो, या ॲम्पला आता काही अर्थ नाही’ म्हणून मला थेट नव्या सबचा भाव सांगितला. मी ॲम्पची प्लेट काढून पिशवीत घातली आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नेली. तिथल्या एका कारागिराने चार कपॅसिटर बदलून दिले, साडेचारशे रुपये घेतले आणि ‘हवा लागू द्या हो याला, भिंतीला चिकटवू नका’ असं दटावलंही. त्याचं बरोबर होतं: कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मुंबईत अशा कामाला लॅमिंग्टन रोड आहे. तालुक्याच्या गावी डीजेवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारा माणूस शोधा. कोन, कॉइल, कड या कामात त्याचा हात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा जास्त चाललेला असतो.

माझा ढोबळ हिशेब असा: कड आणि कपॅसिटर बदलण्यात शहाणपण आहे. कॉइल जळली असेल आणि स्पीकर चांगल्या प्रतीचा असेल तर विचार करावा. ॲम्पचा डिजिटल बोर्डच गेला असेल आणि सुटा भाग मिळत नसेल तर ॲम्प सोडून द्यावा. अशा वेळी खोकं आणि स्पीकर तसेच ठेवून बाहेरून वेगळा ॲम्प जोडता येतो, पण ते हौशी माणसाचं काम.

एक सूचना: प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. यूट्यूब बघून आत हात घालू नका.

रात्री कमी आवाजात सब मध्येच बंद पडतो. हा कशाचा बिघाड?

हा बिघाडच नाही. ‘ऑटो’वर ठेवलेल्या सबला सिग्नल फार क्षीण मिळाला की तो झोपतो. रिसीव्हरमधली सबची पातळी थोडी वाढवा, सबवरचं आवाजाचं बटण तेवढंच कमी करा. या एका कारणासाठी सब विकायला काढलेला माणूस मी पाहिला आहे.

नुसती ‘ढब ढब’ येते, खोल असा बेस जाणवतच नाही. आता तरी नवा घ्यायला हवा ना?

याच तक्रारीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला नेहमीचा फ्लॅट घ्या. हॉल १८ बाय १० फूट. लांब भिंतीवर टीव्ही, त्याच्या खाली युनिट, युनिटच्या शेजारी मधोमध सब. समोरच्या भिंतीला पाठ टेकवून सोफा. घरातल्या कर्त्याची जागा सोफ्याच्या बरोबर मध्यावर. निम्म्या महाराष्ट्राचा हॉल असा आहे.

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे २० हर्ट्झच्या लाटेची लांबी १७ मीटर भरते, ४० हर्ट्झची साडेआठ. म्हणजे या लाटा हॉलपेक्षा मोठ्या आहेत. त्या भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. कुठे फुगतात, कुठे पार मरतात. १८ फुटांच्या लांबीला अशी पहिली लाट साधारण ३१ हर्ट्झला बसते, दुसरी ६२ ला. १० फुटांच्या रुंदीला पहिली ५६ ला. दारं, पॅसेज, बाल्कनी यांमुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र हेच.

आता बघा काय होतं. ३१ हर्ट्झची लाट हॉलच्या लांबीच्या बरोबर मध्यावर मरते. कर्ता तिथेच बसलाय. म्हणजे खोल बेस त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. ६२ ची लाट मध्यावर फुगते आणि ५६ ची भिंतीलगत फुगते. कर्त्याची पाठ भिंतीला आहे, म्हणजे ही दोन्ही टेकाडं त्याच्या डोक्यावर. त्यात भर म्हणून सबही मध्यावर आणि भिंतीलगत ठेवलेला, म्हणजे नेमकी हीच टेकाडं जोरात पेटवायला आणि ३१ ला अजिबात न पेटवायला सर्वांत योग्य जागी. परिणाम: ढब ढब, आणि खाली काही नाही. या जागी लाखाचा सब आणून ठेवा, तो महागडी ढब ढब करेल.

उपाय फुकट आहे. सब मध्यावरून उचलून कोपऱ्यापासून साडेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या पाव अंतरावर न्या. ६२ ची लाट तिथून जवळजवळ पेटतच नाही, आणि ३१ ला थोडी जान येते. स्वतः सोफ्यावर मध्यापासून दोन-अडीच फूट सरका. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घेता आला तर सोन्याहून पिवळं, पण आमच्या घरी हा ठराव नामंजूर झाला. ‘मागे केर कोण काढणार’ या प्रश्नाला ध्वनिशास्त्रात उत्तर नाही.

आमचा हॉल तुमच्या उदाहरणासारखा नाही. मग जागा कशी शोधायची?

सबला तुमच्या जागेवर बसवा आणि तुम्ही फरशीवर रांगा. हे गंमत म्हणून सांगत नाही. सब सोफ्यावर, तुमच्या नेहमीच्या जागी ठेवा. बेस गिटार एकसारखी वर-खाली फिरते असं गाणं लावा. मग सब ठेवता येण्यासारख्या प्रत्येक जागी कान जमिनीलगत नेऊन ऐका. जिथे सगळे सूर एकसारखे, सुटे सुटे ऐकू येतील, ती सबची जागा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून ही युक्ती चालते. हे करताना दार लावून घ्या. आमच्या शेजारच्या काकू नेमक्या त्याच वेळी वाटी मागायला आल्या होत्या.

आकड्यांत रस असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मात्र मोजायला मिनीडीएसपीच्या यूमिक-१ सारखा कॅलिब्रेट केलेला माइक हवा. मोबाइलच्या माइकवर खालच्या पट्टीत भरवसा ठेवता येत नाही.

रिसीव्हरमध्ये काय काय तपासायचं?

स्पीकर ‘स्मॉल’ वर ठेवा, म्हणजे त्यांचा बेस सबकडे जाईल, ते कितीही मोठे दिसत असले तरी. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० ते १२०. सबच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा किंवा ‘एलएफई’ (रिसीव्हरने आधीच वेगळा केलेला बेस घेणारं) इनपुट वापरा, म्हणजे गाळणी दोनदा लागणार नाही. फेजचं बटण (सबच्या कोनची हालचाल इतर स्पीकरांशी जुळवणारं) ० आणि १८० वर आलटून पालटून बघा; ज्या बाजूला बसल्या जागी बेस भरदार वाटेल ती बाजू योग्य. मग आवाज आपोआप जुळवणारी जी प्रणाली तुमच्या रिसीव्हरमध्ये असेल (ऑडिसी, वायपीएओ, एमसीएसीसी, डिराक यांपैकी) तिचं मोजमाप पंखा आणि फ्रिज बंद करून नव्याने करा. सब हलवला की हे दर वेळी परत करावं लागतं. फुगलेली टेकाडं ही प्रणाली कापू शकते. मेलेली लाट मात्र ती जिवंत करू शकत नाही, कितीही पॉवर ओतली तरी. म्हणून जागा आधी, सेटिंग नंतर.

सगळं केलं. आता खरोखर नव्या सबची गरज आहे हे कशावरून ओळखू?

तीन खुणा. पहिली: तुमच्या नेहमीच्या आवाजाला मोठे प्रसंग आले की सब धापा टाकतो, पोर्टमधून फुसफुस येते, कोन ठोके खातो किंवा ॲम्प स्वतःचा आवाज दाबून धरतो. दुसरी: ४०–४५ हर्ट्झच्या खाली काहीच नाही, आणि जागा बदलूनही नाही. तिसरी: घर बदललं. १२ बाय १० च्या बेडरूममध्ये जोरकस वाटणारा ८ इंची सब किचन आणि डायनिंगला जोडलेल्या मोठ्या हॉलमध्ये गेला की दमतो, कारण सबला ती सगळी मोकळी जागा हलवावी लागते.

८ इंची आहे, १० इंची घेऊ का?

त्याच दर्जाचा १० इंची घेणार असाल तर नको. पैसे साठवा आणि उडी मोठी मारा.

कारण साधं गणित आहे. तोच आवाज एक सप्तक खाली, म्हणजे ४० ऐवजी २० हर्ट्झला हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. ८ इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर, १० इंचीचं ३४०, १२ इंचीचं ४९०. कोन तेवढाच पुढेमागे हलतो असं धरलं तर ८ वरून १० वर गेल्याने सुमारे ४ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) मिळतात, १२ वर गेल्याने ७. चार डेसिबल कळतात, पण दोन आठवड्यांनी विसरायलाही होतात. सात विसरत नाहीत. माझा एक मित्र ८, १०, १२ अशा पायऱ्यांनी चढला आणि तीन सबांच्या किमतीत एका सबचं सुख घेतलं.

जुन्यावर १०० वॉट लिहिलंय, नव्यावर ५००. पाचपट जोर?

नाही. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. पाचपट म्हणजे ७, तेही स्पीकर तेवढा हलू शकला तर. आणि ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल जोराचा फुगवलेला आकडा) असं लिहिलेला आकडा असेल तर तो वाचूच नका. त्या आकड्यांवर फार तर दुकानाची पाटी उजळते. वॉटपेक्षा तो सब किती हर्ट्झपर्यंत किती डेसिबल देतो हे बघा, आणि खालच्या मर्यादेपुढे ‘उणे ३’ लिहिलंय की ‘उणे १०’ (म्हणजे तिथे आवाज किती डेसिबलने उतरलेला आहे), हे चष्मा लावून बघा. ‘२५ हर्ट्झ, उणे १० डेसिबल’ म्हणजे २५ ला आवाज जवळजवळ हरवलेला.

छोटासा, टीपॉयखाली मावणारा, पण पार खोल जाणारा आणि स्वस्त असा एखादा सांगा.

असा असता तर सगळ्यात आधी मीच घेतला असता. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन. त्यांचा एक नियम या धंद्यात ‘पोलादी नियम’ म्हणून ओळखला जातो: खोल बेस, छोटं खोकं आणि कमी पॉवरमध्ये जास्त आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. छोट्या खोक्यातून खोल बेस काढणारे सब आहेत, पण त्यासाठी त्यांच्यात भक्कम ॲम्प आणि दणकट स्पीकर घालावा लागतो, आणि तो खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो.

सील्ड घ्यावा की पोर्टेड?

बेडरूम किंवा लहान बंद हॉल असेल तर सील्ड, म्हणजे भोक नसलेल्या बंद खोक्याचा: खोकं छोटं, आवाज सुटसुटीत, खाली उतरताना हळूहळू कमी होतो (सप्तकाला सुमारे १२ डेसिबल), आणि लहान खोली ती तूट थोडी भरून काढते. मोठा हॉल आणि मारधाडीचे सिनेमे असतील तर पोर्टेड. तो २०–३० हर्ट्झच्या पट्टीत जास्त दणका देतो, पण पोर्टच्या खाली कडा तुटल्यासारखा, सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. पालीचा मुद्दा वर आलाच आहे.

एक मोठा की दोन मध्यम?

बसणारा माणूस एकच असेल तर एक मोठा, चांगल्या जागी. सोफ्यावर चौघं बसत असतील तर दोन सारखे. हरमन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांमध्ये किती सब पुरतात याचा अभ्यास मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले की जागोजागचा फरक बराच कमी होतो, आणि चारच्या पुढे वाढवून फारसं काही हाती लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मात्र जुना सब ठेवून त्याच्या जोडीला वेगळाच नवा घेण्याचा मोह आवरा. दोघांच्या चाली वेगळ्या, एक आधी दमतो, आणि जुळवताना तुमचे रविवार जातात. जुनाच मॉडेल वापरलेला मिळाला तर मात्र जरूर घ्या. मी तो अजून शोधतो आहे.

फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचं काय?

परदेशातल्या पुनरावलोकनांमध्ये ‘सोफा हादरला’ असं वाचून आपण सब मागवतो. त्यांच्याकडे बऱ्याच घरांच्या फरश्या लाकडी आणि भिंती जिप्समच्या असतात. त्या हलतात, थोडा बेस गिळतात आणि थोडा बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे आरसीसीचा स्लॅब आणि विटांच्या भिंती. सोफा हादरत नाही, बेस खोलीत जास्त कोंडतो, टेकाडं जास्त उंच होतात. पण जो ठोका थेट स्लॅबमध्ये शिरतो तो खालच्या घराच्या छतातून उतरतो. सबखाली जाड रबर किंवा फोमचा आयसोलेशन पॅड टाकल्याने हा ठोका कमी होतो. हवेतून जाणारा बेस त्याने अडत नाही, आणि पडदे-गालिच्यांनीही नाही.

कायद्याचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गंमत अशी की हे मोजमाप ‘ए’ वजनाचं असतं आणि ते खालचे सूर फार कमी मोजतं: ५० हर्ट्झला सुमारे ३०, ३१.५ ला तर ३९ डेसिबल कमी. म्हणजे मीटर गप्प राहील आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप तरीही उडेल. मीटरपेक्षा आजोबांना विचारा. आमच्याकडे रात्री दहानंतर सबचं बटण बंद, असा तह आहे.

मी सिनेमे कमी बघतो, गाणी जास्त ऐकतो. बदलू का?

बहुधा गरज नाही. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा, पियानोचा साडेसत्तावीस. डग्ग्याची घुमार ऐकायला २० हर्ट्झपर्यंत पोचणारा सब लागत नाही. नीट जागी ठेवलेला साधा सील्ड सब पुरतो. तबला जड, फुगलेला वाटत असेल तर सबचा आवाज तीन-चार डेसिबलने उतरवून बघा. बहुतेक घरांत सब गरजेपेक्षा वरच लावलेला असतो.

२०१० च्या सुमाराचा डीव्हीडीवाला होम थिएटर आहे. डीव्हीडी बंद पडला. त्यातला सब नव्या रिसीव्हरला जोडता येईल?

सरळ जोडता येणार नाही. त्या संचांमधल्या बऱ्याच सबांमध्ये ॲम्प नसतोच. तो डीव्हीडीच्या डब्यात असतो. सबच्या मागे विजेचा प्लग नसेल आणि दोनच तारा बाहेर येत असतील तर तो यातलाच. वेगळा मोनो ॲम्प लावून चालवता येतो, टीपीए३११६ चिपचे छोटे बोर्ड त्याला पुरतात. सोल्डरिंगची आवड असेल तर एक रविवार मजेत जाईल. पण ही खोकी हलकी आणि पातळ असतात, त्यामुळे इथे मात्र मी बिनदिक्कत सांगतो: बदला.

साउंडबारबरोबर आलेल्या वायरलेस सबचंही असंच. तो साधारणपणे त्याच्याच बारशी बोलतो. बार गेला की त्यालाही निरोप.

न्यू जर्सीहून दादा येतोय, तिकडे सब स्वस्त आहे. मागवू का?

आधी मागच्या लेबलचा फोटो मागवा. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच दिवशी जळेल. ‘१००–२४०’ लिहिलं असेल किंवा मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असेल तर चालेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो स्वतः घूं करतो आणि आणखी एक जड डबा घरात येतो. १२ इंची पोर्टेड सब सहज २५ किलोच्या पुढे जातो. दादाच्या बॅगेची मर्यादा २३ किलो असेल, आणि वहिनीला आणायच्या इतर गोष्टी आहेत. वॉरंटीही बहुतेक वेळा त्याच देशापुरती असते.

वापरलेला सब घ्यावा का?

वर सांगितलेली टॉर्च, बोट आणि टोन यांची परीक्षा विकणाऱ्याच्या घरी, अर्धा तास वाजवून करू देत असेल तर घ्यावा. ‘आत्ता लाइट नाहीये, पण मस्त चालतो’ असं म्हणाला तर लाइट आल्यावर परत जावं. खाली घेऊन जायला लिफ्ट आहे का, हेही आधी विचारा.

नवा घेतलाच, तर जुन्याचं काय करू?

महिनाभर काहीच करू नका. नवा परत करायची मुदत किती आहे ते बिलावर बघून ठेवा आणि दोन्ही सब एकाच जागी, एकाच आवाजाला, आळीपाळीने लावून ऐका. केबल बदलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या आणि कोणता चालू आहे ते तुम्हाला सांगू नका म्हणावं. माझ्या बायकोने हा प्रयोग माझ्यावर केला होता, एका मित्राचा बराच महाग सब आठवडाभर घरी आणला होता तेव्हा. ८ पैकी ५ वेळा मी जुन्यालाच नवा म्हणालो. मित्राचा सब शनिवारी परत गेला.